वाडीचा रस्ता आणि साकव: निधी मागायचा तरी कुठल्या हेडमधून?

पऱ्याकाठ

मंडळी, थोडं लांबेल, पण जाणकारांनी वाचावं ही विनंती.

रत्नागिरी जिल्ह्यात आमचं गाव. गावाला बऱ्याच वाड्या, त्यातली आमची अगदी टोकाला. डांबरी रस्ता सुटला की वाडीपर्यंत साधारण दोन किलोमीटर. पहिल्या तुकड्याचं कधीकाळी खडीकरण झालंय, पुढे मातीच. मध्ये पऱ्या (ओढा) आडवा येतो, त्यावर जुना लोखंडी साकव, म्हणजे छोटा पूल. पत्रा गंजून मधोमध भोक पडलंय. तिथे कुणीतरी फळी टाकली आणि ती सरकू नये म्हणून बाइंडिंग तारेने कठड्याला बांधली. शाळेची पोरं त्या फळीवरून जातात. गॅसची गाडी अलीकडेच थांबते, पुढे सिलिंडर खांद्यावर. बाळंतपणाची वेळ जुलैत आली तर काय होतं ते कोकणातल्या कुणालाही सांगायला नको.

ग्रामपंचायतीत गेलं की ‘निधी नाही’. आमदारांच्या कार्यालयात ‘पत्र देऊन ठेवा, बघू’. जिल्हा परिषदेत तर ‘हा रस्ता आमच्याकडे नाहीच’. मुंबईतल्या आमच्या गावकरी मंडळाच्या बैठकीत यावरून दर वेळी वादावादी. एक गट म्हणतो वर्गणी काढा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, घरपट्टी भरतो, मतं देतो, मग वर्गणी कशाला?

आणि पेपर उघडला की ग्रामीण भागासाठी हजारो कोटी. हे कोटी जातात कुठे, आणि आमच्यासारख्या वाडीने ते नेमके कुठल्या नावाने मागायचे, एवढंच कुणी समजावून सांगेल का? राजकीय पक्षांची उणीदुणी नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

दप्तर_बंद

मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो. (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय. खुर्ची तीच, दप्तर तेच.) जमेल तेवढं सांगतो.

तुमचे सरपंच ‘निधी नाही’ म्हणाले ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. ग्रामपंचायतीला हक्काने, कुणाच्या पाया न पडता मिळणारा पैसा म्हणजे केंद्रीय वित्त आयोगाचा. चौदाव्या आयोगाने २०१५ ते २०२० या काळात ग्रामपंचायतींसाठी देशभरात दोन लाख कोटींच्या वर रक्कम दिली आणि ती थेट ग्रामपंचायतीलाच. जिल्हा परिषद, पंचायत समितीला छदाम नाही. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी ठेवले, पण त्यात पुन्हा तिन्ही स्तर आले. आपल्या राज्यात वाटणी ८०:१०:१०. ऐंशी टक्के ग्रामपंचायत, बाकी दोघांना दहा-दहा.

आता गंमत बघा. पंधराव्या आयोगाच्या या पैशातला ६० टक्के भाग बंधित होता. अर्धा पाण्यावर, अर्धा स्वच्छतेवर. रस्त्याला त्यातला रुपयाही लावता येत नव्हता. उरलेला ४० टक्के अबंधित, त्यातून रस्ता करता यायचा. आणि गावागावांत वाटप लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के भार देऊन. लोकसंख्या कुठली? २०११ च्या जनगणनेची. कोकणात गावाचं क्षेत्रफळ ऐसपैस, वाड्या डोंगरभर पसरलेल्या आणि माणसं मुंबईला. म्हणजे रस्ते करायचे लांबचलांब आणि पैसे मिळणार डोक्यांच्या हिशेबाने.

समजा तुमच्या ग्रामपंचायतीला वर्षाला सात लाख आले. अबंधित दोन लाख ऐंशी हजार. ते बारा वाड्यांत कसे पुरवायचे? एका वाडीला पाखाडी (दगडी पायवाट), एकीला स्मशानशेडचा पत्रा, की संपलं. दोन किलोमीटर रस्ता आणि साकव हे ग्रामपंचायतीच्या पैशाचं कामच नाही. ते दुसऱ्या शीर्षातून (हेडमधून), म्हणजे सरकारी हिशेबातल्या दुसऱ्या खात्यातून आणावं लागतं, आणि त्यासाठी आधी एक गोष्ट तपासा: तुमचा रस्ता कागदावर आहे का?

ग्रामपंचायतीत नमुना २३ नावाचं रजिस्टर असतं, ताब्यातल्या रस्त्यांचं. त्यात या रस्त्याची नोंद आहे का, किती लांबीची आहे, कुठून कुठे, हे बघून इथे लिहा. मग पुढचं बोलू.

कातळशिल्प

+१. वाचनखूण साठवली. आमच्या वाडीचीही हीच रड आहे.

खडी_मुरूम

दप्तरकाकांशी सहमत. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात उपअभियंता होतो, त्या बाजूने भर घालतो.

रस्त्यांच्या जाती असतात. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे प्रजिमा, मग इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा). राज्य मार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकामकडे, इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेकडे. प्रत्येकाला क्रमांक असतो आणि तो रस्ते विकास आराखड्यातून येतो. २००१ ते २०२१ हा आराखडा आम्ही सगळे वर्षानुवर्षं उशाशी घेऊन झोपलो. ज्या रस्त्याला क्रमांक नाही तो जिल्हा परिषदेच्या लेखी नाहीच. तुम्हाला ‘आमच्याकडे नाही’ म्हणणारा लिपिक तुसडा असेल, पण त्याने रजिस्टर बघूनच सांगितलं असणार.

आता हेडबद्दल. जिल्हा नियोजन समितीतून रस्त्यांना दोन ठिकाणांहून पैसे येतात, ३०५४ आणि ५०५४. पहिलं महसुली, म्हणजे मुख्यतः दुरुस्ती वगैरे. दुसरं भांडवली. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. तिसरं म्हणजे प्रसिद्ध ‘पंचवीस-पंधरा’. लेखाशीर्ष २५१५, ग्रामविकास विभागाचं, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत कामं. गावात जे ‘अमुक यांच्या प्रयत्नातून’ असे फलक दिसतात ना, त्यातले बरेचसे याचे. चौथा आमदार निधी, सध्या वर्षाला पाच कोटी. ऐकायला मोठा वाटतो. राज्यात जवळपास २८ हजार ग्रामपंचायती आणि २८८ आमदार. शहरातले आमदार वजा करा आणि ग्रामीण मतदारसंघातल्या एका गावाच्या वाट्याला काय येईल त्याचा अंदाज घ्या.

साकवासाठी कोकणात जिल्हा नियोजनमधून वेगळी तरतूद असते, शिवाय डोंगरी विकास कार्यक्रम आहे. तेव्हा रस्ता आणि साकव एकाच अर्जात घालू नका. ही दोन कामं, दोन प्रस्ताव, दोन अंदाजपत्रकं. एकत्र दिलंत तर रक्कम फुगते आणि दोन्ही मागे पडतात. साकव आधी. त्याच्यात जिवाचा धोका आहे, तो फोटोत दिसतो, आणि काम छोटं असल्याने बसवायला सोपं.

चौकटीबाहेर

पंतप्रधान ग्रामसडक योजनेतून का नाही होत? त्यात तर म्हणे देशातलं प्रत्येक गाव जोडणार होते.

खडी_मुरूम

@चौकटीबाहेर, चांगला प्रश्न. ती योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. निकष वस्तीच्या लोकसंख्येचा: सपाट भागात ५०० किंवा जास्त, डोंगरी राज्यं, वाळवंट आणि आदिवासी भागात २५०. मेख इथे आहे. ‘डोंगरी’ म्हणजे हिमाचल, उत्तराखंड, ईशान्येकडची राज्यं. सह्याद्रीच्या कुशीतली वाडी केंद्राच्या लेखी सपाट भागात! दिल्लीहून बघितलं तर कशेडी घाटही सपाटच दिसत असेल.

तर आमच्याकडे वाडीत पाचशे डोकी हवीत. शेजारच्या वाड्या एकत्र मोजता येतात, पण अर्धा किलोमीटरच्या परिघातल्या. कोकणात अर्ध्या किलोमीटरवर दुसरी वाडी असते, पण मध्ये दरी असते. चौथा टप्पा २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मंजूर झाला, ६२,५०० किलोमीटर, ७०,१२५ कोटी, २५ हजार वस्त्या. तिथेही आधार २०११ ची लोकसंख्या आणि साधारण तोच निकष. पऱ्याकाठ यांच्या वाडीत पाचशे माणसं असतील असं वाटत नाही.

राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आहे, २०१५ पासून. केंद्राच्या योजनेच्याच धर्तीवर. तिथे थोडी आशा आहे, पण क्रमांकाशिवाय दारात उभं करत नाहीत.

पऱ्याकाठ

पाचशे? गणपतीत कदाचित. एरवी शंभराच्या आत-बाहेर.

वाकड_फेज_२

मी जरा वेगळं बोलतो, रागावू नका. शंभर माणसांसाठी दोन किलोमीटर रस्ता आणि पूल, म्हणजे माणशी खर्च किती झाला? त्यातले निम्मे म्हातारे, पुढच्या वीस वर्षांत वाडी उरेल की नाही माहीत नाही. त्यापेक्षा या लोकांना मूळ गावठाणात जागा देऊन घरं बांधून दिली तर स्वस्त पडेल. इकडे शहरात आम्ही लाखोंनी कर भरतो आणि पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून जातो. सरकारी पैसा जिथे जास्त लोकांना उपयोग होईल तिथे जायला नको का?

माणदेशी_सरपंच

@वाकड_फेज_२, दादा, तुमच्या सोसायटीसमोरचा रस्ता करताना माणशी खर्च कुणी काढला होता का? आमचं दूध, भाजी, डाळिंब तुमच्या फेज दोनपर्यंत पोचतं ते याच रस्त्यांवरून. आणि वाडी ओस पडतेय म्हणून रस्ता द्यायचा नाही, रस्ता नाही म्हणून वाडी ओस पडते, हे चक्र कुठून सुरू झालं ते बघा की.

मी स्वतः सरपंच आहे, दुष्काळी पट्ट्यातली. आमच्याकडे पऱ्या नाही, साकव नाही, पाणीच नाही. पण दप्तरकाकांनी ‘हक्काचा पैसा’ म्हटलं त्यावर बोलते.

हक्काचा म्हणतात तो पैसा खात्यावर येण्याआधीच त्याला फाटे फुटलेले असतात. ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकाच्या नावाने इतकी वर्षं महिन्याला १२,३३१ रुपये आमच्या वित्त आयोगातून गेले. वर्षाचा हिशेब तुम्हीच करा. लहान ग्रामपंचायतीला हा आकडा किती जड जातो ते आम्हाला विचारा. आणि त्या पोराच्या हातात त्यातले पूर्ण पैसे कधीच पडत नव्हते, मधली कंपनी आपलं कापून घ्यायची. मग २०२१ मध्ये आदेश आला की पथदिव्यांचं आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिलही वित्त आयोगातून भरा. तेव्हा राज्यभरातून सरपंचांनी आरडाओरड केली, कारण पूर्वी पथदिव्यांचं बिल शासन भरत होतं. दिवे चालू ठेवायचे की गटार करायचं, निवडा.

स्वनिधी म्हणाल तर घरपट्टी-पाणीपट्टी. त्यातले १५ टक्के मागासवर्गीय वस्तीवर, १० टक्के महिला-बालकल्याणावर, ५ टक्के दिव्यांगांवर. हे योग्यच आहे, माझी तक्रार नाही. पण वसुली झाली तर टक्के काढणार ना? पाणीपट्टी मागायला गेलं की ‘ताई, पुढच्या महिन्यात’ आणि निवडणुकीचं वर्ष असेल तर मागणाऱ्यालाच घरी बसवतात.

बरं, पैसे आले तरी ते आता चेकने निघत नाहीत. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर माझी आणि ग्रामसेवकाची डिजिटल सही लागते. ग्रामसेवकाची बदली झाली की नव्याची सही नोंदवून होईपर्यंत सगळं ठप्प. आमच्याकडे बोअरची मोटर जळली तेव्हा नेमकं हेच चालू होतं. मोटर रिवाइंडिंगवाला ओळखीचा म्हणून उधारीवर करून दिली त्याने. खात्यात पैसे होते, गाव उधारीवर पाणी पीत होतं.

दप्तर_बंद

सरपंचताईंचं सगळं खरं आहे. मात्र चेक बंद झाले ते चांगलं झालं असं माझं मत. चेकबुकावर कोऱ्या सह्या करून ठेवलेल्या ग्रामपंचायती मी पाहिल्या आहेत. आज कुणीही घरबसल्या ई-ग्रामस्वराजच्या साइटवर आपल्या गावाचं नाव टाकून आराखड्यात काय होतं आणि खर्च कशावर पडला ते बघू शकतो. पऱ्याकाठ, मुंबईत बसून मंडळाने हे काम आधी करावं. बैठकीत भांडण्यापेक्षा बरं.

सातपुडा_पायी

नंदुरबारकडचा आहे, आमच्या भागाचं सांगतो. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीतले ५ टक्के थेट मिळतात, २०१५ पासून. अबंध निधी म्हणतात त्याला. पायाभूत सुविधा, वनहक्क, आरोग्य-शिक्षण, जंगल-पाणी अशा वाटा ठरलेल्या आहेत, पण काय करायचं ते ग्रामसभा ठरवते. आमच्या एका पाड्याने त्यातून रस्ता मागितला नाही. विहिरीपर्यंत उतरायला पायऱ्या आणि कठडा मागितला, कारण बाया घसरून पडत होत्या. वरच्या कुठल्याही योजनेत ‘विहिरीला पायऱ्या’ असं हेड तुम्हाला सापडणार नाही.

बाकी हा निधी उशिरा येतो, कधी कागदावरच फिरतो, हे आहेच. पण ग्रामसभेच्या हातात थोडा तरी बिनबंधनाचा पैसा असला तर काय होतं ते मी पाहिलंय. तुमच्या कोकणात असा काही प्रकार का नाही, हा प्रश्न तुमच्या आमदारांना विचारा.

खोऱ्या_फावडं

घरात ठेकेदारी आहे, म्हणून शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

सगळे म्हणतात ठेकेदार खातो. खाणारे आहेत, नाकारत नाही. पण आमची बाजूही ऐका. प्रशासकीय मान्यता मिळते तेव्हा मागे पूर्ण पैसे असतातच असं नाही. दहा लाखांचं काम मंजूर, तरतूद मात्र तीन लाखांची. बाकी दायित्व, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी नवी कामं मंजूर होतात आणि जुनं बिल तसंच. २०२२ मध्ये सरकार बदललं तेव्हा आधीच्या मंजूर कामांना स्थगिती आली, लोक हायकोर्टात गेले. जलजीवनचं (घरोघरी नळाने पाणी देण्याच्या योजनेचं) २०२५ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, थकीत बिलांसाठी संघटना राज्यभर रस्त्यावर होत्या. सिमेंटवाला, डिझेलवाला, मजूर थांबत नाहीत. मोठे तगतात, आमच्यासारखे सोनं गहाण ठेवतात.

आणि म्हणूनच काम कसं होतं बघा. फेब्रुवारीपर्यंत सामसूम, मार्चमध्ये झुंबड. जिल्हा परिषदेला नियोजनचा निधी खर्चायला दोन वर्षं मिळतात, तरी काम शेवटच्या मार्चमध्येच उरकायचं. क्युरिंगला (काँक्रीट ओलं ठेवायला) पाणी नसतं, टँकर परवडत नाही. मग पोतं ओलं करून फोटो काढायचा, जिओ टॅग करायचा.

खडी_मुरूम

खोऱ्या-फावडं प्रामाणिकपणे बोलले, त्याबद्दल आभार. ते एम.बी.बद्दल बोलले नाहीत, ते मी बोलतो. मोजमाप पुस्तिका जागेवर जाऊन भरायची असते. एका शाखा अभियंत्याकडे इतकी गावं असतात की ती टेबलावरच भरली जाते. पद रिक्त, त्याचा चार्ज शेजारच्याकडे, शेजाऱ्याचा आणखी तिसऱ्याकडे.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. कोकणात रस्ता वाहतुकीने खराब होत नाही, पाण्याने होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. डोंगराच्या बाजूला गटार नसेल आणि ओहोळाला मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) नसेल तर डांबर कितीही चांगलं टाका, पहिल्या पावसात पाणी रस्त्यावरूनच वाट काढणार. अंदाजपत्रकात रक्कम बसेना की आधी काय कापतात? गटार आणि मोरी. कारण उद्घाटनाला लांबी सांगायची असते. ‘दोन किलोमीटर डांबरीकरण’ असं फलकावर लिहिता येतं. ‘चार ह्यूम पाइप मोऱ्या’ असा फलक कुणी लावलेला मी नोकरीत पाहिला नाही.

तेव्हा पऱ्याकाठ, तुमच्या वाडीने डांबर मागू नये. आधी मोऱ्या, गटार आणि खडीकरण मागा. डांबर पुढच्या वेळी. गावकऱ्यांना हे पटवणं तुमच्यासाठी आमदारांना पटवण्यापेक्षा अवघड जाईल, सांगून ठेवतो.

देखभालीचंही तेच. पंतप्रधान सडक योजनेत ठेकेदारावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते, रस्त्याकडेच्या फलकावर ते वर्षवार लिहिलेलंही असतं. ही अट मला त्या योजनेतली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. पाच वर्षं सरली की रस्ता जिल्हा परिषदेच्या गळ्यात, आणि ३०५४ चे पैसे सगळ्या तालुक्यांत वाटून उरतात ते खड्डे बुजवण्यापुरतेही नसतात. नव्या कामाला पैसा सापडतो, जुनं टिकवायला सापडत नाही.

चौकटीबाहेर

अवांतर: आमच्या गावात जलजीवनच्या पाइपलाइनसाठी नवाकोरा काँक्रीटचा रस्ता मधोमध चिरला. चर मातीने बुजवला. नळाला अजून पाणी नाही, रस्ताही गेला. म्हणजे एका योजनेने केलेलं दुसरीने उकरलं.

माणदेशी_सरपंच

अवांतर कसलं, हाच मुद्दा आहे. रस्ता पूर्ववत करून देण्याची रक्कम बहुतेक अंदाजपत्रकात असते. योजना हस्तांतरित करून घेताना ग्रामपंचायतीने सही करायची असते. चर नीट भरल्याशिवाय आणि शेवटच्या घराला पाणी आल्याशिवाय सही करायची नाही. मी केली नाही. बरेच फोन आले. माणशी ५५ लिटर म्हणून ज्या योजनेचा गाजावाजा केला तिच्यात शेवटच्या गल्लीत करंगळीएवढी धार येत होती, मग कशी करू सही?

वाकड_फेज_२

माझ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही, पण पाचशे डोक्यांच्या अटीचं वाचून थोडं वाईट वाटलं हे मान्य. तरी एक विचारतो. जिल्हा परिषदेत निवडून आलेले लोकच नव्हते ना इतकी वर्षं? मग तुमच्या वाडीसाठी भांडणार कोण होतं?

दप्तर_बंद

हा मात्र नेमका प्रश्न विचारलात. २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर आणि पंचायत समित्यांवर प्रशासक बसले. ओबीसी आरक्षण आणि गटरचनेच्या वादात निवडणुका रखडल्या, शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. नियम असा की जिथे रीतसर निवडून आलेली संस्था नाही तिथे वित्त आयोगाचा हप्ता येत नाही. म्हणजे मघाशी सांगितलेले ते दहा आणि दहा टक्के अडकले. पंचायत समितीच्या सदस्याकडे पूर्वी निदान एक-दोन पाखाड्यांपुरता सेस तरी असायचा, माणूस घरापासून हाकेच्या अंतरावर असायचा. मधल्या काळात सगळं आमदार आणि पालकमंत्र्यांच्या दारात गेलं. तिथे वाडीचा आवाज पोचत नाही, मतदारसंघाचा पोचतो.

नव्या, सोळाव्या आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ पासूनचा, अरविंद पनगढिया अध्यक्ष. आयोग बदलला तरी तुमच्या नमुना २३ मधली नोंद काही आपोआप होणार नाही. ती बघितलीत का?

पऱ्याकाठ

बघून घेतली. चुलतभाऊ ग्रामपंचायतीत जाऊन आला. नोंद आहे, पण ‘मुख्य रस्ता ते पऱ्या’ एवढीच. पऱ्यापलीकडचा तुकडा आणि साकव, दोन्ही नाहीत. साकव कुठल्या खात्याने बांधला हे कुणालाच सांगता येईना. जुने लोक म्हणतात टंचाईच्या कामात झाला, काही म्हणतात आमदार निधीतून.

दुसरी अडचण. पलीकडचा तुकडा तीन जणांच्या सातबाऱ्यातून जातो. वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची, पण कागद नाही. त्यातले एक कुटुंब वाडीशी बोलत नाही (मानपानाचा जुना विषय, इथे नको).

खडी_मुरूम

मग तुमचा निधी नेमका तिथे अडकलाय. सरकारी पैसा खासगी जमिनीवर लावता येत नाही. तिन्ही खातेदारांची लेखी संमती किंवा ग्रामपंचायतीच्या नावाने बक्षीसपत्र. सातबाऱ्यावर जितकी नावं तितक्या सह्या, मुंबईच्या बहिणींसकट. हे काम कुठलाही आमदार करून देणार नाही. इथेच मुंबई मंडळाचा उपयोग. वर्गणी काढायचीच असेल तर खडीसाठी नको, मोजणी फी आणि कागदपत्रांसाठी काढा.

कातळशिल्प

आमच्याकडे असंच एक बिनसलेलं घर होतं. रस्त्याला त्यांच्या आजोबांचं नाव दिलं, सही झाली. बघा जमतंय का.

माणदेशी_सरपंच

हा उपाय भारी आहे!

पऱ्याकाठ भाऊ, ग्रामसभेचं विसरू नका. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा. वाडीतल्या बायकांना घेऊन जा, त्या बोलतात तेव्हा ठराव टाळता येत नाही. ठरावात नुसतं ‘रस्ता व्हावा’ लिहू देऊ नका. कुठून कुठे, लांबी किती, साकवाची सद्यःस्थिती काय, पलीकडे किती घरं, शाळेत जाणारी मुलं किती, सगळं इतिवृत्तात आलं पाहिजे. आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घ्यायला लावा. आराखड्यात नसलेलं काम नंतर घुसवायला फार त्रास होतो. ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात मागून घ्या.

सातपुडा_पायी

आणि त्या फळीचा फोटो काढा. पोरं जाताना. चेहरे दिसू देऊ नका, दप्तरं दिसू द्या.

पऱ्याकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मंडळाच्या बैठकीत मांडण्यासाठी ठरवलंय ते असं: साकवाचा प्रस्ताव वेगळा आणि आधी. नमुना २३ मध्ये पुढच्या तुकड्याची नोंद करण्याचा अर्ज ग्रामपंचायतीला. संमतीपत्रांसाठी दोन माणसं, त्यातला एक त्या घराचा जावई आहे. आणि डांबराऐवजी मोऱ्या, यावर मार खायची तयारी.

एक शंका राहिली. साकव कुणी बांधला हेच माहीत नसेल तर नव्यासाठी अर्ज करताना जुन्याचं काय दाखवायचं? ‘अस्तित्वातील साकव धोकादायक’ असं लिहिलं तर दुरुस्तीच देतील का?

खडी_मुरूम

देतील, आणि पत्रा बदलून रंग मारून जातील. तसं व्हायला नको असेल तर आधी बांधकाम उपविभागाकडे लेखी अर्ज करून स्थळपाहणी अहवाल मागा. खांब आणि पाया पोखरले असतील तर अभियंता ‘दुरुस्तीयोग्य नाही’ असं लिहील, त्या एका ओळीवर नवीन बांधकाम मागता येतं. पाहणीला तो आला की वाडीतल्या जाणत्या माणसाला बरोबर ठेवा, पुराचं पाणी कुठवर चढतं त्याची खूण दाखवायला. उंची त्यावर ठरते. जुना साकव कुणी बांधला ते उपविभागाच्या मालमत्ता नोंदवहीत सापडलं तर ठीक, नाहीतर ग्रामपंचायतीकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्या आणि प्रस्तावाला जोडा.

पऱ्याकाठ

खूण आहे. आंब्याच्या खोडावर. सोमवारी अर्ज देतोय, पोच घेऊन इथे टाकतो.